घरच्या भट्टीत नक्की किती आच? थर्मोकपल बसवण्यापासून आकड्याची खातरजमा करेपर्यंत

पुण्यात गच्चीवर माझी छोटी विजेची भट्टी आहे. आत जेमतेम फूटभर लांबी-रुंदीची पोकळी, भिंती पांढऱ्या हलक्या फायरब्रिकच्या, विटांना खोबण्या कोरून त्यात कांथलची (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची) कॉइल आणि बाहेरून अँगलची चौकट. ती उभी करायला तीन रविवार पुरले. आत किती आच आहे हे खात्रीने सांगता यायला मात्र पुढचं वर्ष गेलं. मीटरवर आकडा पहिल्या दिवसापासून दिसत होता, पण तो चुकीचा होता आणि ते मला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट आधी नीट कळली असती तर ते वर्ष वाचलं असतं. थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक, मडक्याचं तापमान सांगत नाही, तो फक्त स्वतःच्या टोकाची खबर देतो. तीही पूर्ण नाही. गरम टोक आणि थंड टोक यांच्यात किती फरक आहे, एवढंच त्याला कळतं. हे टोक आणि आपलं भांडं एकाच तापमानाला राहतील अशी व्यवस्था आपण करायची आणि थंड टोकाचा हिशोबही आपणच ठेवायचा. पुढे जे लिहिलंय ते या दोनच गोष्टींसाठी.

आधी एक खुलासा. तुमची भट्टी पाव-पिझ्झ्याची असेल, म्हणजे काम ४००-४५० अंशांच्या आत असेल, तर एवढा खटाटोप नको. पाचशे अंशांपर्यंत मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या आणि तळाच्या विटेवर धरा. वीट खरबरीत आणि मंद रंगाची असते, त्यामुळे तिथे गन बऱ्यापैकी खरं सांगते. हा लेख माती भाजणाऱ्यांसाठी आणि ॲल्युमिनियम-पितळ वितळवणाऱ्यांसाठी आहे. इथले सगळे अंश सेल्सियसमधले समजा.

काय विकत घ्यायचं

के-टाइप थर्मोकपल. यात दोन तारा असतात, एक क्रोमेलची (निकेल-क्रोमियम) आणि एक ॲल्युमेलची (निकेल आणि थोडं ॲल्युमिनियम). दोन्हींची टोकं एकत्र जोडून तापवली की दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. हा परिणाम झीबेकने १८२१ मध्ये पाहिला. आपण वापरतो ते तत्त्व अजून तेच आहे.

खरेदीत खरा प्रश्न तारेच्या जाडीचा असतो. मल्टिमीटरसोबत जो बारीक तारेचा प्रोब फुकट मिळतो, तो भट्टीत घालू नका. त्याच्यावर काचधाग्याचं वेष्टन असतं. ते पाचशेच्या आतच जळून भुगा होतं, मग तारा एकमेकींना चिकटतात आणि आकडा भलतीकडूनच येऊ लागतो. जाडीचा साधा हिशोब असा: अर्ध्या मिलिमीटरची तार सुमारे ८७० अंशांपर्यंत टिकते, ०.८ मिमीची ९८० पर्यंत, १.६ मिमीची १०९० पर्यंत आणि ३.२ मिमीची १२६० पर्यंत. टेराकोटा आणि हजाराच्या आसपासच्या ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला) १.६ मिमी ठीक. स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली घट्ट भांडी) करायचं असेल तर ३.२ मिमीच घ्या. रोज १२५० च्या वर जाणार असाल तर प्लॅटिनमचा एस-टाइप लागेल. त्याची किंमत ऐकली की माणूस टेराकोटावर प्रेम करायला शिकतो.

तारांवर सिरॅमिकचे दोन भोकांचे मणी किंवा नळी हवी, आणि मागच्या बाजूला वायर जोडायचे स्क्रू असलेलं हेड. मी टोक उघडंच ठेवतो, कारण विजेच्या भट्टीत हवा स्वच्छ असते. गॅस किंवा कोळशाच्या भट्टीत मात्र एका टोकाला बंद असलेली सिरॅमिक नळी वरून घालायलाच हवी. का, ते शेवटी येईल.

भोक कुठे पाडायचं

पहिल्यांदा मी झाकणाच्या मधोमध भोक पाडून थर्मोकपल वरून सोडला होता. दिसायला छान, मोजायला वाईट. वर आच जास्त असते आणि भांडी तळाशी. आता तो मागच्या भिंतीतून आडवा येतो, भांड्यांच्या मध्यावर येईल एवढ्या उंचीला.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. टोकाच्या अगदी समोर कॉइल नको. लालबुंद कॉइलचा झोत थेट टोकावर पडला तर ते भांड्यांच्या पुढे पळतं. माझ्या मागच्या भिंतीत कॉइलच नाही, म्हणून ती निवडली. दुसरं, टोक भिंतीतून पुरेसं आत यायला हवं. भिंतीत अडकलेली तार आणि नळी उष्णता बाहेर ओढतात, म्हणून टोक भिंतीलगत राहिलं तर आकडा कमी येतो. नळीच्या जाडीच्या दहापट तरी आत शिरलेलं असावं असा ढोबळ नियम आहे. छोट्या भट्टीत एवढी जागा मिळत नाही. म्हणून तिथे जाड नळीपेक्षा उघड्या तारांचा बारीक प्रोब बरा. माझा पाच सेंटिमीटर आत येतो. तिसरं, शेल्फ सरकवताना धक्का लागणार नाही अशी जागा. हे क्षुल्लक वाटतं, पण मी एक नळी अशीच मोडली आहे.

पांढरी फायरब्रिक इतकी मऊ असते की ड्रिल मशीन लागत नाही. काँक्रीटचं बिट हातात धरून फिरवलं तरी भोक पडतं. तोंडावर मास्क मात्र हवाच, ही धूळ फुप्फुसाला वाईट. भोक नळीपेक्षा जेमतेम सैल ठेवा आणि उरलेल्या फटीत सिरॅमिक वूल हलकेच कोंबा. हे सगळं करताना एमसीबी खाली पाडलेला असू द्या. उघडं टोक चालू कॉइलला लागलं तर मेन्सची वीज सरळ तुमच्या मीटरमध्ये येते, आणि मीटर हातात असेल तर तुमच्यातही. भट्टीच्या लोखंडी चौकटीला अर्थिंग दिल्याशिवाय पुढे जाऊच नका.

वायरीनेच घात केला

हेडपासून मीटरपर्यंत मला दोन मीटर वायर हवी होती. दुकानदार म्हणाला, "कुठलीही चालते हो, सिग्नलच तर न्यायचाय." घरात स्पीकरची तांब्याची वायर पडली होती, तीच लावली.

मग १०४० ला ग्लेझची भट्टी लावली. मीटर म्हणेल तसं चाललो, १०४० ला बंद केली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर सहाही मगांचं ग्लेझ खाली ओघळून शेल्फवर थिजलेलं. दोन मग छिन्नीने काढावे लागले आणि शेल्फही गेलं. मीटर बदलून पाहिलं, तोच आकडा. शेवटी पुढच्या भट्टीच्या वेळी स्वयंपाकघरातला थर्मामीटर हेडला टेकवला तेव्हा उलगडा झाला. हेड ९० अंशांवर होतं आणि मीटर सावलीत ३० वर.

घडलं होतं ते असं. थर्मोकपलच्या तारा हेडपाशी संपल्या, म्हणून त्याचं थंड टोक हेडमध्ये होतं, ९० अंशांवर. मीटरला वाटत होतं की थंड टोक आपल्यापाशीच आहे, ३० अंशांवर. मधले ६० अंश तांब्याच्या वायरीत गडप झाले. म्हणजे मीटर १०४० म्हणत होता तेव्हा आत ११०० होते.

उपाय सोपा आहे. हेडपासून मीटरपर्यंत के-टाइपचीच एक्स्टेन्शन वायर लावायची. ही वायर त्याच जातीच्या धातूंची असते, त्यामुळे थंड टोक खरोखर मीटरपर्यंत येऊन पोचतं. मधे जोड द्यावाच लागला तर के-टाइपचाच कनेक्टर घ्या.

आता प्लस-मायनस. रंगांवर विसंबू नका, कारण वेगवेगळ्या देशांच्या पद्धती वेगळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस, आणि लाल म्हणजे प्लस असं डोक्यात बसलेला माणूस इथे हमखास फसतो. खात्रीचा उपाय म्हणजे लोहचुंबक. ॲल्युमेल चुंबकाला ओढली जाते, क्रोमेल नाही. जी ओढली जाते ती मायनस.

वायर एकाच टोकाला उलटी लागली तर लगेच संशय येतो. हेडवरची जोडणी उलटी असेल तर भट्टी तापते आणि आकडा उतरतो. पण दोन्ही टोकांना उलटी लागली तर आकडा चढताना दिसतो, सगळं ठीक वाटतं, आणि चूक मात्र हेड आणि मीटर यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट होते. माझ्या भट्टीत ती १२० अंशांची झाली असती. म्हणून जोडणी करताना चुंबक खिशात ठेवा आणि दोन्ही टोकांना लावून बघा.

मीटर कुठलं

तयार पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून आच आपोआप सांभाळणारं यंत्र) घेतलात तर तो दाखवण्याचं आणि कॉइल चालू-बंद करण्याचं अशी दोन्ही कामं करतो. स्वतः बोर्ड जोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मॅक्स ६६७५ ही चिप १०२४ अंशांना थांबते. टेराकोटाला चालेल, पुढे नाही. मॅक्स ३१८५५ के-टाइपला १३५० पर्यंत वाचते. या चिप थंड टोकाचं तापमान स्वतःच्या अंगावर मोजतात, म्हणून चिप आणि वायरीचे स्क्रू एकाच तापमानाला हवेत. बोर्ड भट्टीच्या चौकटीवर ठोकलात, किंवा त्यातल्या एकाच कोपऱ्यावर पंख्याचा वारा येऊ दिलात, की आकडा नाचू लागतो. माझा बोर्ड भट्टीपासून दीड मीटरवर भिंतीला, सावलीत आहे.

यातलं काहीच नसेल तरी साध्या मल्टिमीटरवर काम भागतं. तो २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. समजा ३२.० मिलिव्होल्ट दिसले आणि वायर जिथे मीटरला लागते तिथे ३० अंश आहेत. के-टाइपच्या तक्त्यात ३० अंशांना १.२ मिलिव्होल्ट असतात. बेरीज ३३.२. तक्त्यात ८०० अंशांना ३३.२७५ आहेत, म्हणजे आत ८०० ला एक-दोन अंश कमी. भट्टीजवळ चिकटवून ठेवायला एवढे आकडे पुरतात: १०० ला ४.०९६, २०० ला ८.१३८, ४०० ला १६.३९७, ६०० ला २४.९०५, ८०० ला ३३.२७५, ९०० ला ३७.३२६, १००० ला ४१.२७६, ११०० ला ४५.११९ आणि १२०० ला ४८.८३८. डिजिटल मीटर आलं तरी ही पद्धत विसरू नका. मीटर खोटं बोलतंय की थर्मोकपल, हे याच वाटेने कळतं.

आकडा खरा आहे का

हे काम भट्टी लावण्याआधी करायचं, आणि बरंचसं स्वयंपाकघरातच होतं.

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरा आणि फटी भरण्यापुरतंच पाणी घाला. नुसतं बर्फाचं पाणी नको, चुऱ्याचा लगदा हवा. त्यात टोक खोल खुपसून पाच मिनिटं थांबा. शून्य यायला हवं, दोन अंश इकडेतिकडे चालतात. मग उकळतं पाणी. इथे पुणेकरांनी १०० ची वाट बघू नये. दर तीनशे मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं. शंभर येईना म्हणून मी पहिला थर्मोकपल जवळजवळ परत करणार होतो.

तिसरा टप्पा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. शिशाविरहित सोल्डर घ्या, ज्यात ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असतं. हे मिश्रण २२७ अंशांना एकदम वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं. जुन्या स्टीलच्या वाटीत थोडं वितळवा. टोकाला पांढऱ्या मातीचा पातळ लेप लावून आधीच खडखडीत वाळवलेलं असू द्या, म्हणजे कथील चिकटत नाही. टोक बुडवा, गॅस बंद करा आणि मीटर बघत राहा. आकडा भराभर उतरतो, मग एका जागी थबकतो आणि थोडा वेळ हलतच नाही. धातू गोठताना सोडत असलेली उष्णता त्याला तिथे धरून ठेवते. जिथे थबकला तो आकडा म्हणजे तुमच्या मीटरचं २२७. सोल्डरमधल्या फ्लक्सचा धूर होतो, तेव्हा गॅलरीत करा, आणि ती वाटी पुन्हा जेवणात आणू नका.

चौथा टप्पा, ॲल्युमिनियमचा ६६०, भट्टीच्या कामासाठी सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जोखमीचा. शुद्ध ॲल्युमिनियम हवं, विजेच्या केबलमधली तार उत्तम. गाडीचा पिस्टन वितळवून हे करू नका. त्यात सिलिकॉन भरपूर असतं आणि तो पाऊणशे-ऐंशी अंश आधीच पातळ होतो. मूस ग्रॅफाइटची, आधी तापवून पूर्ण कोरडी केलेली. थर्मोकपल बंद नळीत घालून मगच धातूत सोडायचा, उघड्या तारा वितळलेलं ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. ७२० ला भट्टी बंद करा, एमसीबी पाडा आणि दर वीस सेकंदांनी आकडा लिहा. माझा ६५२ वर थबकला. म्हणजे त्या भागात माझं मीटर आठ अंश कमी दाखवतं, आणि ही दुरुस्ती भट्टीच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेली आहे. ॲल्युमिनियमच्या आसपास पाण्याचा थेंब नको, खाली ओलसर काँक्रीट नको. कोरड्या वाळूचा ट्रे ठेवा, पायात चामड्याचे बूट घाला. एवढी तयारी नसेल तर हा टप्पा सोडून द्या आणि पुढचा वापरा.

मडक्यालाच विचारायचं

मातीला नुसता आकडा कळत नाही. किती आच, किती वेळ, दोन्हींचा मिळून तिच्यावर परिणाम होतो. १००० ला सावकाश गेलेली भट्टी आणि १००० ला धावत गेलेली भट्टी यांतून वेगळी भांडी निघतात. म्हणूनच १८८६ मध्ये जर्मनीत हेर्मान झेगरने मातीचे शंकू आणले आणि दहा वर्षांनी अमेरिकेत ऑर्टनने. ठरावीक आच पचवली की शंकू वाकतो. कुंभारकामात सगळे त्याला कोन म्हणतात. शून्य लावलेल्या नंबरांत मोठा आकडा म्हणजे कमी आच, हे नव्या माणसाला गोंधळात पाडतं. ०६ नंबरचा कोन १००० च्या आसपास झुकतो, ०४ चा १०६० च्या पुढेमागे.

थर्मोकपलच्या टोकापासून चार बोटांवर एक कोन ठेवा, एक वरच्या शेल्फवर आणि एक तळाशी. पहिल्याच वेळी मला दिसलं की वरचा पार लोळला होता, मधला नीट वाकला होता आणि तळाचा ताठ उभा. मीटरचा आकडा भट्टीतल्या एका बिंदूचा असतो, हे त्या तीन शंकूंनी जितकं पटवलं तितकं कुणी पटवलं नसतं. तेव्हापासून ग्लेझचं सामान मधे आणि तळाला साधी भाजणी.

डोकावायच्या भोकातून कोन पाहताना वेल्डिंगची काच डोळ्यावर धरा. नुसत्या रंगावरून अंदाज करायचा तर अंधारात पहिला लालसरपणा साडेपाचशेच्या जवळ दिसतो, चेरीसारखा लाल साडेसातशे-आठशेला, नारिंगी नऊशेच्या पुढे, पिवळा साडेदहाशेनंतर. पण दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी हेच रंग मला शंभर अंशांनी वेगळे वाटले आहेत. लोहार ऐरण अंधाऱ्या कोपऱ्यात मांडतो, ते उगाच नाही.

त्याच भोकावर स्वस्त इन्फ्रारेड गन धरण्याचा मोह होतो. बाराला-एक प्रमाणाची (अंतराच्या एक बारांश व्यासाचा गोल बघणारी) गन दोन फुटांवरून दोन इंच व्यासाचा गोल बघते. तुमचं भोक पाऊण इंचाचं. म्हणजे ती मुख्यतः बाहेरची वीट मोजते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर ती पार खोटं बोलते, कारण ते फार कमी किरण सोडतं.

कोन मिळत नसतील तर स्वतःच्या मातीच्या पट्ट्या करा. जोसाया वेजवूडने १७८२ मध्ये हेच केलं होतं. माती भाजली की आटते, आणि किती आटली त्यावरून आच मोजायची. अंशांत उतरवताना तो भलताच चुकला. त्याच्या पट्टीने बीड (ओतीव लोखंड) वितळायला जवळपास दहा हजार अंश सेल्सियस लागत होते. पण एका भट्टीची दुसऱ्या भट्टीशी तुलना करायला ती युक्ती पक्की आहे. ओल्या पट्टीवर ब्लेडने बरोबर १०० मिलिमीटरवर दोन रेघा मारा, वाळवा आणि दर भट्टीत त्याच जागी एक ठेवा. भाजल्यावर व्हर्नियरने मोजा. मागच्या वेळी ९२ होतं आणि आज ९० आलं, तर मीटर काहीही म्हणो, आज आच जास्त लागली.

भट्टी चालू असताना

दर पंधरा मिनिटांनी वेळ आणि आकडा वहीत. पहिले १२० अंश अगदी सावकाश, पाणी निघून जाईपर्यंत. ५७३ च्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि थंड होताना तिथेच आकसतं, म्हणून त्या टापूत चढताना आणि उतरतानाही घाई नको. उघडं बारीक टोक जाड भांड्यापेक्षा लवकर तापतं, तेव्हा शेवटच्या आकड्याला पोचलात की लगेच बंद न करता वीस मिनिटं तिथेच धरा. कंट्रोलरवर भरवसा टाकून झोपू नका. सॉलिड स्टेट रिले, म्हणजे कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडला की बहुधा चालूच अडकतो, आणि अशा वेळी पीआयडी कितीही ओरडला तरी कॉइल तापतच राहते.

थर्मोकपल म्हातारा होतो. कोळशाच्या किंवा गॅसच्या भट्टीत हवा कमी पडली की ८०० ते १०५० च्या दरम्यान क्रोमेलमधलं क्रोमियम आतून जळतं, तार हिरवट होते आणि आकडा हळूहळू कमी दाखवू लागतो. तुम्ही मात्र तोच आकडा गाठायला आणखी आणखी तापवत जाता. यासाठीच ती बंद नळी. दहा-बारा भट्ट्यांनंतर थर्मोकपल बाहेर काढून क्रोमेलच्या तारेला खिशातला चुंबक लावा. ती ओढली गेली तर तार बाद. परत आत घालताना मात्र पूर्वीइतकाच खोल घाला. मी नळीवर त्यासाठी फाईलने एक खूण केली आहे.